दिव्याची हाक

मंगळवार, सकाळचे अकरा. विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात बैठक भरली होती. म्हाताऱ्या रुमाबाईंची बोली आता एकट्या त्यांच्याच तोंडी उरली होती. ती ध्वनिमुद्रित करायला भाषाविज्ञानाच्या अर्चिता वाघमोडेला संशोधन समितीचे अध्यक्ष, तत्त्वज्ञानाचे प्रा. हुपरीकर यांची सही हवी होती. जर्मनीला जाऊन तिथलं तत्त्वज्ञान शिकून आलेले हुपरीकर हसले.

"नोंदी कसल्या करता, बाई? माणूस भाषा बोलत नाही. भाषाच बोलते, माणूस नुसता निमित्त!"

अर्चिताने हे शेजारी बसलेल्या रुमाबाईंना सोपं करून सांगितलं. म्हातारीने पदर सावरला.

"साहेब, दिवा लावताना आमच्यात एकीने हाक द्यायची, दुसरीने जबाब. बहिणीला जाऊन तीन वर्षं झाली. मी रोज हाक देते. भाषा आपली आपण बोलते, तर मला जबाब का देत नाही?"

रुमाबाईंनी तिथेच हलकेच हाक दिली. अर्चिताने त्यांच्याकडूनच शिकलेला जबाब दिला. म्हातारीने तिचा हात धरला, तो बैठक संपेपर्यंत सोडला नाही.

"विचार करून सही करतो," हुपरीकर म्हणाले.

त्याला चौदा महिने झाले. रुमाबाईंना ब्याऐंशीवं लागलं आहे. त्या बैठकीचं टिपण मीच लिहिलं होतं; त्यानंतर तीनदा हुपरीकरांकडे जाऊन विचारलं. सही का अडली, याचा जबाब अजून कोणी दिलेला नाही.