डिंकाने बुजवलेली गाठ

ओढ्यावर झुकलेल्या एका बाभळीवर एक मुनिया राहत असे. तिचे घरटे साळुंकीने विणून दिलेले होते. पण विणायची विद्या काही साळुंकीची नव्हती. ती म्हाताऱ्या सुगरणीची. जो येईल त्याला सुगरण वीण शिकवायची, बदल्यात एक दाणाही घ्यायची नाही. एवढेच सांगायची, "बाळांनो, दुसऱ्यासाठी विणाल तेव्हा गाठ सुटेल अशी ठेवा. ज्याचं घर, त्याला ते उसवता आलं पाहिजे."

साळुंकीही तीच वीण शिकली. तिची घरटी सुबक असत. पण प्रत्येक गाठीवर ती बाभळीचा डिंक थापायची. मुनियाने विचारलेही होते, "ताई, हे कशाला गं?"

"अगं, उद्या तू चोच खुपसशील, घरटं पडेल आणि नाव माझं खराब होईल. काही बिघडलं तर मला हाक मार. मी आहे ना!"

मुनियाला तेव्हा बरे वाटले. आपली इतकी काळजी कोण घेते?

पुढे घरट्यात दोन पिल्ले आली. अजून त्यांना पंखही फुटले नव्हते, तोच एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. घरटे ज्या दोन फांद्यांना बांधले होते, त्यांतली वाळकी फांदी मोडली. घरटे कलंडले आणि एकाच फांदीवर लोंबू लागले. खाली ओढ्याचे पाणी. मोडक्या फांदीची गाठ सोडून ती शेजारच्या हिरव्या फांदीला बांधली की झाले! मुनियाला ते येत होते. सुगरणीकडे तीही शिकली होती. पण चोच डिंकावरून नुसती घसरत होती. नवी काडी ओवायलाही फट नव्हती.

"आई, आपलं घर वाकडं का झालं?" आतून एक पिल्लू म्हणाले.

"झोका घेतंय, राजा. भावाला धरून बस हं," मुनिया म्हणाली आणि तिने साळुंकीला हाक मारली.

साळुंकी बोलल्याप्रमाणे धावत आली. तिने चोच मारली, नखे लावली. डिंक दगडासारखा झाला होता. "माझीच गाठ," ती पुटपुटली, "आणि मलाच सुटत नाही."

वरच्या फांदीवरून कावळा म्हणाला, "पक्कं काम केलंस हो! घरमालकिणीलाच बाहेर ठेवलंस."

"तू गप रे," म्हणत म्हातारी सुगरण जवळ आली. ती साळुंकीवर रागावली नाही. "पोरी, डिंक पाण्याने भिजतो. जा, ओढ्यात छाती भिजवून ये."

साळुंकी ओढ्यात बुडी मारून आली आणि हिरव्या फांदीवर बसून तिने ओली छाती गाठीला लावली. पुन्हा गेली, पुन्हा आली. कावळाही चोचीतून पाणी आणू लागला. घरटे हिंदकळे, तशी मुनिया ते चोचीने धरून ठेवी. शेवटी डिंक मऊ पडला. मुनियाने गाठ सोडली, धागा हिरव्या फांदीला गुंडाळला आणि घट्ट बांधला. घरटे सरळ झाले.

"आई, झोका संपला?" पिल्लाने विचारले. त्याला अजून हवा होता.

साळुंकी मान खाली घालून म्हणाली, "मुनिये, मला वाटलं होतं, मी तुझं घर जपतेय."

"जपलंस की आज," मुनिया म्हणाली आणि साळुंकीच्या पिसांना चिकटलेला डिंक हलकेच चोचीने काढू लागली.

पण साळुंकी फार वेळ थांबली नाही. बाभळीवर तिची आणखी कितीतरी घरटी होती. पुन्हा एकदा ओढ्यात बुडी मारून ती ओल्या छातीनेच शेजारच्या घरट्याकडे निघाली.

तात्पर्य : सर्वांसाठी मोकळ्या ठेवलेल्या विद्येतून वस्तू घडवली, तर ती उघडण्याची आणि दुरुस्त करण्याची वाटही घेणाऱ्याला मोकळी ठेवावी, काळजीच्या नावाखालीही ती बुजवू नये.