करकोच्याने आखलेला रस्ता

खूप वर्षांमागे एका रानातल्या प्राण्यांनी तळ्याकडे जाणारा रस्ता बांधायचं ठरवलं. आखणी करकोच्याकडे दिली, कारण त्याने दूरदेशीचे रस्ते पाहिले होते. त्याने तिकडच्यासारखाच रुंद, सरळसोट रस्ता आखला. घोडे, नीलगाई वाऱ्यासारख्या धावू लागल्या. कौतुक ऐकून करकोचा खुशीत परदेशी उडून गेला.

पुढच्या हिवाळ्यात तो परतला, तर रस्त्याकडेला कासवआजी पडलेली. नीलगाईच्या खुराने तिची पाठ तडकली होती.

"आजी, नीलगाय येताना दिसली नाही का तुम्हाला?"

"मला ती दिसली रे बाबा," आजी म्हणाली, "तिला मी दिसले नाही. तू रस्ता आखलास, तेव्हा तुलाही नव्हते दिसले."

करकोच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रान त्याने आभाळातूनच पाहिलं होतं; पायी चालणाऱ्या कुणालाही विचारलं नव्हतं.

"कुठून ओलांडता, दाखवाल?" तो कसाबसा म्हणाला.

आजी हळूहळू निघाली. पंख मिटून तो मागे चालू लागला. मध्यावर पोचले, तोच घोडे चौखूर उधळत आले. करकोचा भिऊन भुर्रकन उडाला. आजी मान आत ओढून तिथेच थांबली.

घोडे तिच्या बाजूने निघून गेले. करकोचा खाली उतरला, पण आजीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.