टिमटिम बोर्ड आणि पांढरी केबल

फार जुनी नाही, पण तारांना तोंड आणि यंत्रांना कान होते तेव्हाची ही गोष्ट. टिमटिम नावाचा तळहाताएवढा सर्किट बोर्ड खोक्यातून निघाला तोच उड्या मारत. आज कॉम्प्युटर त्याला प्रोग्राम देणार होता, आणि मग तो पंप चालवून कुंड्यांना आपणहून पाणी घालणार होता! झेंडू तर केव्हाचा मान टाकून बसला होता.

खोकं उघडणाऱ्या रेवतीने मोबाइल चार्ज करायची पांढरीशुभ्र केबल टिमटिमपासून कॉम्प्युटरला जोडली. झर्रकन लाल दिवा लागला.

"आलो, आलो!" टिमटिम ओरडला. कॉम्प्युटर मात्र ढिम्म.

"केबलताई, त्याला सांगा ना, मी जागा झालोय!"

"पोटभर वीज देतेय ना? मग आणखी काय हवं? आजवर कुणाची तक्रार नाही," केबलताई फणकारली.

टिमटिमने जीव तोडून हाका मारल्या. पलीकडे एकही पोचली नाही.

"बिघडलेलाच दिसतोय," म्हणत रेवतीने खोकं पुढे ओढलं. ती टिमटिमला परत त्यात ठेवणार होती.

तेवढ्यात तिला ड्रॉवरमध्ये एक जुनी, पीळ पडलेली केबल दिसली. ती जोडताच पलीकडून आवाज आला, "कोण रे तू?"

"मी टिमटिम!"

प्रोग्राम धावत आला, दिवा नाचू लागला, पंप घुरघुरला आणि झेंडू चिंब भिजला.

पांढरी केबल चक्रावली. "वीज तर मीही तेवढीच दिली होती. तू वेगळं काय दिलंस?"

"काहीच नाही," जुनी म्हणाली. "माझ्यात विजेच्या तारांशेजारी बोलण्याच्याही दोन तारा आहेत. तो काय म्हणतोय, तेवढं पलीकडे नेलं."