कडूधोंडीचं पहिलं पाणी

या अख्ख्या डोंगरात चहाची पारख माझ्याइतकी कुणाला नाही. डोळे बांधा, पेला नाकाशी धरा, पानावर कितव्यांदा पाणी घातलंय ते सांगतो. गेल्या साली पाहुण्यांसमोर असेच डोळे बांधून घेतले आणि भाजलेल्या नाचणीच्या पाण्याला पहिल्या तोडीचा चहा म्हणून मोकळा झालो. पाणी दिलं होतं आमच्याच अनुसयानं, म्हणजे माझ्या बायकोनं. तेव्हा पारखीचं राहू द्या. गोष्ट मात्र माझ्याकडूनच ऐका, कारण आमच्या वाडीत, कातळमेटात, बाकी सगळ्यांना कामं आहेत.

तर पाहुणे मंडळी, ही समोरची धोंड बघा. आजूबाजूचा कातळ काळाकुट्ट, आणि हिच्या माथ्यावरून तेवढा तांबूस ओघळ उतरलाय. एवढा इथला पाऊस, पण तो धुतला जात नाही. ही कडूधोंड. शेजारी झरा, आणि खाली ती सात झुडपं. होय बाई, चहाचीच आहेत. काका, पान तोंडात टाकायच्या आधी एवढंच सांगतो, सकाळी तिथं आमची शेळी बांधली होती.

असं सांगतात, की इंग्रजाच्या अमलात वर पठारावर चिनी कैदी ठेवले होते. दिवसभर त्यांच्याकडून भाजीचे मळे करून घ्यायचे. त्यातला एक लिन. आमच्या माणसांनी त्याचा लिनोबा केला. सोळा वर्षांची शिक्षा, आणि त्या सोळा वर्षांत त्याच्यापाशी स्वतःचं म्हणून काय, तर कथलाचा एक डबा. घर सोडताना आईनं दिलेला. आत त्यांच्याकडच्या कड्यावरचं चहाचं पान, काळपट, पिळलेलं, विस्तवावर भाजलेलं. त्यानं नवस केला होता, की डबा मोकळा करायचा तो परत आईच्या दारात, तिच्याच विहिरीच्या पाण्यात. तोवर पान भिजवायचं नाही. रोज झाकण बोटभर उचलायचा, वास घ्यायचा, लावून टाकायचा. आमच्यातले काही अजून तपकिरीची डबी तशीच उघडतात, पण त्यांचा नवस नाही, सवय आहे.

मळ्यावर कैद्यांची भाकरी करायला आमच्या वाडीची सारजा जायची. तरुणपणीच नवरा गेलेली, बोलायला कमी, हाताला चव. सोळा वर्षं तिनं लिनोबाला वाढलं. तो तिच्या पिठल्यातली हिंगाची चिमूट कमी-जास्त झालेली ओळखायचा, म्हणे. तिचा नवरा कधी ओळखत नव्हता.

शिक्षा संपली. खाली बंदरात गलबत लागलंय, लिनोबानं बैलांच्या तांड्याबरोबर सकाळी घाट उतरायचा, असं ठरलं. निघायच्या आधी जेवून जा म्हणून सारजानं त्याला इथं झऱ्यावर बोलावलं. तो अंघोळीला उतरला, आणि इकडे तिनं त्याच्या गाठोड्यातला डबा काढला.

आता आमच्याकडची रीत ऐका. रानातला पाला उन्हात वाळवून ठेवायचा आणि पावसाळ्यात त्याची भाजी करायची. पाला कडू, म्हणून आधी उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. आमच्या बायकांनी चहा तोवर पाहिलेला नाही. सारजाला वाटलं, बिचाऱ्याच्या आईनं वाळवलेली भाजी दिसते, निघताना तीच करून वाढावी. तिनं अख्खा डबा उकळत्या पाण्यात ओतला, आणि सोळा वर्षं जपलेल्या चहाचं पहिलं पाणी या धोंडीवर ओतून टाकलं. लालभडक. तोच हा ओघळ.

लिनोबा वर आला तो वासानं. ओल्या अंगानं धावत आला आणि मडक्यातला चोथा बघून या धोंडीपाशी खाली बसला. नवस मोडलेला माणूस आईच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहणार? घाटातून तांडेवाल्यांनी दोनदा हाक मारली. तो उठला नाही. सारजा समोर उभी, तीही हलली नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं मडकं जवळ ओढलं आणि त्याच पानावर झऱ्याचं पाणी तापवून ओतलं. एक पेला स्वतःला, एक सारजाला. पहिल्या घोटाला भाजल्या चण्याचा वास आला, असं सांगतात. पुन्हा पाणी घातलं, तेव्हा उन्हात तापलेल्या दगडावर सर पडावी तशी चव. तिसऱ्याला घशातून मागाहून गोडी वर आली, आवळा खाऊन पाणी प्यावं तशी. प्रत्येक पेल्याला तो आपल्या गावचं काही सांगत होता, अर्धं मराठीत, अर्धं हातांनी. घर, विहीर, आईचा आवाज. सातव्या पेल्यात पानाचं काही उरलं नाही, नुसता आमचा झरा लागला. उन्हं कलली होती, तांडा केव्हाच घाट उतरून गेला होता.

तेव्हा तो म्हणाला, "पानानं हे पाणी घेतलं. आता मी कुठं जाऊ?"

राहिला. चोथा त्यानं धोंडीखाली पुरला, आणि पुढच्या मृगात तिथं सात झुडपं फुटली. शेतकी खात्याचे साहेब म्हणतात, उकडलेल्या पानाला कोंब फुटत नाही. ते पदवी घेतलेले आहेत, मी चौथी पास, तीही मास्तर बदलून गेले म्हणून. पण झुडपं मी मोजलीत, सात आहेत.

आजही कातळमेटात चहाचं पहिलं पाणी कडूधोंडीला देतात, एका अडाणी बाईच्या चुकीची आठवण म्हणून. मग सात पेले. चव कशासारखी लागली ते प्रत्येकानं सांगायचं, आणि नुसतं "छान" म्हणेल त्यानं पेले विसळायचे. बाईंनी खास चीनहून मागवलेल्या तीन पुड्या आणल्यात, एक पान गोगलगाईसारखं गुंडाळलेलं, एक चपटं हिरवं, एक गोवरीसारखं थापलेलं. त्यांनाही हाच नियम.

एवढं सांगून मी पेला पुढं केला, तर मागून आधणाची किटली घेऊन आलेली अनुसया म्हणाली, "अहो, पाला कडू आहे का, हे बघायला आमच्यातली बाई आधी एक पान चावून बघते, आणि ती भाजी आहे की दुसरं काही, तेही तिला तिथंच कळतं. सारजानं न चाखता पाणी फेकलं, हे तुम्हाला कोण्या पुरुषानं सांगितलं?"