नळीतली काजळी

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावात एका तरुणाच्या हाती त्याच्या मोठ्या भावाची ठासणीची बंदूक आली. भाऊ आषाढात तापाने गेला होता. रानडुकरे कळपाने भातशेतीत उतरत, आणि त्या भावाचा नेम चुकत नसे, म्हणून गावाची राखण त्याच घराकडे होती. राखणीचा एक रिवाज होता. दसऱ्याला देवळामागच्या आंब्याला नारळ टांगायचा, आणि ज्याला राखण हवी त्याने आपल्या घरच्या बंदुकीने तो फोडायचा. बार एकच. तो चुकला, तर राखण दुसऱ्या घराकडे जायची आणि बंदूक खुंटीला लागायची.

तरुणाला सगळे धाकटा म्हणत. मोठा गेला तरी त्याचे नाव तेच राहिले होते.

धाकट्याने परसात भोपळा ठेवून सराव सुरू केला. ठासणीच्या बंदुकीचे काम सावकाशीचे असते. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, तिच्यावर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची आणि लांब गजाने ती तळापर्यंत ठासायची. धाकट्याच्या स्वभावात सावकाशी नव्हती. पहिला बार भोपळ्याच्या डावीकडून गेला, तेव्हा त्याने दारू वाढवली. पुढचा उजवीकडून गेला, तेव्हा जाड चिंधी घेतली. मग नव्या गोळ्या ओतल्या. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी लोखंडी माशी असते, ती पकडीने वाकवली. शेवटी एका गोळीने शेजारणीच्या गोठ्याचे कौल फुटले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, की दादा होता तोवर डुकरे घाबरायची, आता माझ्या म्हशी घाबरतात. गावातही बोलणे सुरू झाले, की बंदूक राहिली, नेम मात्र गेला.

ते बोलणे धाकट्याला झोंबले. बंदूक खांद्यावर टाकून तो तडक टेकडीवरच्या वृद्ध शिकाऱ्याकडे गेला. त्या वृद्धानेच एके काळी दादाला बंदूक शिकवली होती. अंगणात पाय ठेवताच धाकट्याने सारे एका दमात सांगितले. नळीच वाकडी असावी, हे वर आणखी सांगितले.

“नेम कशावर धरत होतास?” वृद्धाने विचारले.

“भोपळ्यावर.”

“मग भोपळा सुखात असेल.” वृद्धाने बंदूक मांडीवर घेतली. “काय काय बदललेस ते समजले. दर बाराला एक याप्रमाणे सगळेच बदलत गेलास, त्यामुळे चूक कुठे होती हे आता बंदुकीलाही सांगता येणार नाही. पण काय बदलले नाहीस, ते सांग.”

धाकट्याची नजर नळीच्या तोंडाकडे गेली.

वृद्धाने रिकाम्या नळीत गज सोडला. गजावर चाकूने कोरलेली एक खाच होती. गज तळाला टेकला, तरी खाच नळीच्या तोंडाच्या वरच राहिली. वृद्धाने मान हलवली, घरात जाऊन चुलीवरचे आधणाचे भांडे आणले, आणि एक शब्द न बोलता ते उकळते पाणी नळीत ओतू लागला.

धाकटा झेपावला. त्याने वृद्धाचे मनगट घट्ट धरले. पाणी हिंदकळून दोघांच्या पायांजवळ सांडले.

“ओतू नका. ती दादाची आहे.”

“बंदूक?”

“काजळी.” धाकट्याने मनगट सोडले नाही. दादाने शेवटचा बार काढला आणि त्याच संध्याकाळी तो अंथरुणाला खिळला, तेव्हापासून नळी धुतलेली नव्हती. धाकटा रोज सकाळी नळीच्या तोंडाला नाक लावत असे. जळल्या दारूचा वास यायचा, आणि दादा नुकताच रानातून परतला आहे असे वाटायचे. ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

वृद्ध हसला नाही. त्याने मनगट सोडवून घेतले नाही. दुसऱ्या हाताने भांडे खाली ठेवले आणि मग शांतपणे म्हणाला, “बाळ, तुझा दादा पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा तुझ्याहून उतावळा होता. बार काढायचा, बंदूक भिंतीला टेकवायचा आणि जेवायला पळायचा. नळीत काजळी साचली, की एक गोळी तळाला बसते, दुसरी अलीकडेच अडते. मग एक इकडे जाते, एक तिकडे. हे समजल्यावर त्याने प्रत्येक बारानंतर नळीत ओली चिंधी फिरवली, आणि घरी पोचल्यावर आधणाने नळी धुतल्याखेरीज ताटावर बसला नाही. ही खाच त्याची आहे. स्वच्छ नळीत गज सोडला, की ती बरोबर तोंडाशी येते. शेवटच्या दिवशी तापाने त्याच्या हातून धुणे झाले नाही. तू दादाची खूण म्हणून जे जपतो आहेस, ते त्याचे राहून गेलेले काम आहे. त्यावर तू आपली काजळी चढवलीस. काजळी ओल धरते, ओल लोखंड खाते. आणखी एक पावसाळा गेला असता, तर वासही राहिला नसता आणि नळीही.”

धाकट्याने मनगट सोडले, भांडे उचलले आणि स्वतःच्या हाताने पाणी ओतले. पहिले पाणी काळे आले, मग करडे. त्याचे डोळे भरले होते. वाफ होती म्हणून कारण सांगावे लागले नाही. पाणी निवळ आले, तेव्हा त्याने नळी पुसली, तेलाचा हात दिला आणि गज आत सोडला. खाच नळीच्या तोंडाशी येऊन थांबली. धाकट्याने तिच्यावर अंगठा ठेवला. दादाचाही अंगठा तिथे असाच टेकला असणार.

वृद्धाने त्याच्याकडून माशी सरळ करून घेतली आणि दादाचेच माप, दादाचीच चिंधी पुन्हा धरायला सांगितले. यापुढे काही बदलावेसे वाटले, तर एका वेळी एकच गोष्ट बदल आणि चार बार काढून बघ, एवढे बजावले.

दसऱ्याला गाव जमला. धाकटा नळीत ओली चिंधी फिरवत बसला, मग कोरडी. कोणीतरी म्हणाले, नवरदेवाची अंघोळ उरकली की सांगा. लोक हसले. धाकट्यालाही हसू आले, पण हात थांबला नाही. त्याने सावकाश बार भरला आणि सावकाश नेम धरला.

नारळ फुटला. त्याचे पाणी आंब्याच्या मुळांवर सांडले.

लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले, पण धाकटा जागेवर नव्हता. तो बंदूक घेऊन शेजारणीच्या दाराशी उभा होता आणि आधण मागत होता. तिने भांडे पुढे केले. घे, म्हणाली, पण माझे कौल अजून फुटकेच आहे.

पाणी ओतताना धाकट्याने मनातल्या मनात दोघांचे आभार मानले. एकाने दादाला नळी धुवायला शिकवले होते. दुसऱ्याने, पुढे कोण येईल हे ठाऊक नसताना, एक खाच कोरून ठेवली होती.

आपले माणूस गेल्यावर त्याची एखादी वस्तू कवटाळून बसण्यापेक्षा त्याचे रोजचे एखादे काम हाती घ्यावे. तेवढा वेळ ते माणूस आपल्या शेजारी असते.