टिटवीची हजेरी

पूर्वी एका रानात वाघाशी थेट बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सगळे निरोप मध्यस्थांमार्फत जात. त्यांच्यातलं कोण जागं आहे हे पाहायचं काम टिटवीकडे होतं आणि तिला त्याचा भारी अभिमान. ती सारखी ओरडे, "जागे आहात ना?" मग प्रत्येकानं आपापल्या ठिकाणाहून "हो" म्हणायचं.

एकदा ससा धापा टाकत आला. "वणवा लागलाय! महाराजांना कळवा!"

मध्यस्थ घोरपड धावली. अर्ध्या वाटेत टिटवीची हाक आली, तशी ती ठिकाणावर परतली, "हो" म्हणाली आणि पुन्हा निघाली. असं सात वेळा झालं.

शेवटी मिशा जळालेला वाघच आला. "मला कुणी कळवलं का नाही?"

टिटवी छाती फुगवून म्हणाली, "महाराज, पण एक जण झोपला असेल तर शपथ!"