खारीच्या केसांचा कुंचला

शपथेवर सांगतो, ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. फक्त तेव्हा माझे पणजोबाही जन्मले नव्हते.

एका राजाने हिवाळ्याचं चित्र मागवलं. बाळोजी चिताऱ्याने गोठलेला डोंगर काढला आणि पायथ्याशी विटीदांडू खेळणारी पोरं.

राजा खवळला, “डोंगरापुढे ही माकडं कशाला? धुकं फासा त्यांच्यावर!”

बाळोजीने कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला, तर तो केस फिसकारून बसला. “मी खारीच्या शेपटीचा. उड्या मारणाऱ्यांना मी पुसणार नाही.”

“शेगडीत घालीन!”

“घाला, महाराज. पोरांना तेवढीच ऊब.”

राजाने खरंच निखाऱ्यांवर धरला. केस करपले, पण कुंचला हूं की चूं करेना. शेवटी राजाच कंटाळला, आणि पोरं चित्रात राहिली.

कुंचल्याचं बोलणं तेवढं मी रचलं. बोलला बाळोजी, आणि निखाऱ्यांवर होता तो त्याचा हात.